पिळलेला अननस

नणंदबाई आजवर कुणाच्या हातचं काही चांगलं म्हणालेल्या नाहीत. त्या येणार म्हटल्यावर मीही इरेला पेटले आणि ताजा अननस घालून कुकीज करायला घेतल्या.

पहिला ट्रे वाया गेला. अननसाला इतकं पाणी सुटलं की कुकीज पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दुसऱ्या वेळी मी अननसाचा कीस फडक्यात बांधून मनगट दुखेपर्यंत पिळला. मग कुठे त्या जमल्या, कडेने छान खरपूस. पातेल्यात पिळलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं तेवढं राहून गेलं. ह्यांनी ते पातेलं उचललं, त्यात बर्फ टाकला आणि आल्या आल्या बहिणीच्या हातात पेला दिला.

नणंदबाईंनी एक कुकी घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी बशीत ठेवली. मग दुसरा पेला संपवून पर्समधून चष्मा काढला.

"कृती लिहून दे गं मला. कुणी आलं-गेलं तर करता येईल."

मला आकाश ठेंगणं झालं. मी लोणी किती, मैदा किती, सगळं सांगायला लागले.

"कुकीजचं राहू दे. या सरबताची दे."

हे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी शांतपणे वही ओढली आणि सरबताच्या कृतीची पहिली ओळ लिहिली:

'आधी ओव्हन तापायला ठेवा.'