साफ झालेली टेप

मिनलचे बाबा गेले ते त्यांच्या हार्ड रॉक बँडचे डेमो रेकॉर्ड करतानाच, कूलरचा करंट लागून. "मी चहा आणाले खाली गेलो होतो, नाही तं वाचवलं असतं त्याले," असं बँडचे गिटारिस्ट संजीवकाका नेहमी सांगत. पुढे त्यांनीच आईशी लग्न केलं, मिनलला वाढवलं.

बाबांच्या माघारी गाजलेला त्या गाण्यांचा अल्बम पुन्हा निघणार होता, म्हणून मिनलने डेमोंची खरखरणारी टेप शहरातल्या एका स्टुडिओत साफ करून घेतली. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटच्या गाण्यात बाबांचा आवाज मधेच तुटला.

"संजीव, कूलरचं बटन बंद कर गा. करंट लागून राहिला मले."

गिटार लगेच थांबली.



कूलर मात्र टेप संपेपर्यंत चालूच होता.