पुढची गाडी

पुढची गाडी कोण चालवणार, इथेच सगळं अडलं होतं.

नेवेनाच्या स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरला होता. एका कोपऱ्यावर खारवलेल्या कोबीची वाटी, दुसऱ्यावर घरी गाळलेल्या राकियाची, फळांच्या दारूची बाटली. दर फेब्रुवारीत ही मंडळी प्लॉवदिव शहरातून दोन गाड्या काढून पिरिनच्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात बर्फात जायची. पुढची गाडी नेवेनाचा नवरा लुबेन चालवायचा. यंदा लुबेन नव्हता. पानगळीच्या दिवसांत बायकोशी भांडून घराबाहेर पडला तो थेट स्पेनला गेला, असं त्याचा जिवलग मित्र मेतोदी सांगत होता. आपणच त्याला बसमध्ये बसवून दिलं, म्हणत होता. फोन तेव्हापासून बंद. पोलिसांनी खांदे उडवले, घोड्याएवढा माणूस स्वतःच्या पायांनी गेला, आम्ही काय करणार? बिल्डिंगमधल्या बायकांनी तर त्याच्यासाठी एक स्पॅनिश बाईसुद्धा शोधून ठेवली होती.

"मेतोदी, तूच चालव पुढची," शेजारचा पेंचो म्हणाला. "लुबेनच्या खालोखाल तो रस्ता तुलाच ठाऊक."

"यंदा रिलाला जाऊ या की," मेतोदी म्हणाला. "दरवर्षी काय तेच ते पिरिन! आणि वर बर्फ फार पडलंय."

"बर्फासाठीच चाललोय ना रे बाबा?" पेंचोची बायको दोन्का हसली. "नाहीतर मी घरी फ्रीज उघडून बसते."

नेवेना हसली नाही. तिने नकाशावर बोट ठेवलं. "बान्स्को गावाच्या अलीकडून आत वळू. तळ्याच्या बाजूने. लुबेन न्यायचा तसंच."

"तो रस्ता नको."

"का?"

"ओढ्यावरचा पूल खचलाय."

"कोणी सांगितलं?"

"ऐकलं कुठेतरी." मेतोदी कोबीच्या वाटीत काहीतरी हरवल्यासारखा बघत राहिला.

नेवेनाच्या मनात पाल चुकचुकली. पाणी कुठे मुरत होतं ते तिला आता लख्ख दिसायला लागलं. कसलं स्पेन आणि कसलं काय! महाराज तिथेच त्या तळ्याकडच्या वाटेवर, कुणा बाईच्या उबदार घरात चुलीपाशी पाय पसरून बसलेत. आणि हा मित्र बाहेर राखण करतोय. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जायचंच. त्या घराचं दार ठोठावायचं आणि लुबेनला चारचौघांत विचारायचं, लाज वाटते का?

"आधी स्तामेनदादाची घ्या," पेंचोने पेले भरले. हिवाळी सहलीची ही टूम काढली ती स्तामेनने. तो जाऊन काही वर्षं झाली, पण त्याच्या नावाचा पेला घेतल्याशिवाय रस्ता ठरत नसे. पेंचोने सवयीने आपला पेला टेबलाच्या मधोमध नेला, तशी दोन्काने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"मेलेल्या माणसाच्या नावाने पेला भिडवतोस होय रे? आधी त्याचं त्याला दे!"

"चुकलं, चुकलं." पेंचोने पेला खुर्चीशेजारी कलता केला. लिनोलियमवर थेंब पडले. बाकीच्यांनीही आपापले थेंब सांडले आणि कोणाचा पेला कोणाला न लावता मुकाट्याने घोट घेतला.

"स्तामेनला तेवढ्याने काय होणार? तो बाटली मागायचा," दोन्का म्हणाली, आणि मग तिनेच पुन्हा पेले भरले. "आता आपल्या लुबेनची! मेला तिकडे संत्री सोलत बसला असेल. पुढच्या वर्षी कान धरून आणू त्याला."

"लुबेनची!" पेंचो ओरडला.

पेले मधोमध किणकिणले. नेवेनाने आपला पेला रागाने इतका जोरात आपटला की राकिया तिच्या बोटांवर सांडली.

मेतोदीचा पेला त्यात नव्हता.

मान खाली घालून त्याने तो खुर्चीशेजारी कलता केला होता. हात आपसूक गेला असावा. चार थेंब त्याच्या बुटापाशी पडले. मग त्याने उरलेली एका दमात संपवली.

"अरे, जित्या माणसाच्या नावाने असं..." दोन्काने बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

मेतोदीने खाली पाहिलं. त्या थेंबांवर त्याने हळूच बूट ठेवला.

नेवेनाच्या डोळ्यांसमोरची ती उबदार खोली, ती चूल, ती बाई, सगळं एका क्षणात विझलं. अख्खा हिवाळा तिने नवऱ्याला शिव्यांची लाखोली वाहिली होती. त्याचे स्वेटर गॅलरीतल्या पेटीत कोंबले होते. परत आलाच तर दाराबाहेर उभा करीन, असं रोज स्वतःला बजावलं होतं. त्यातली एकेक शिवी आता तिच्यावरच उलटली.

मेतोदीचा बूट जागचा हलत नव्हता.

नेवेनाने आपला पेला अजून तोंडाला लावला नव्हता. तिने तो खुर्चीशेजारी नेला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत जमिनीवर ओतला. मग नकाशाची घडी घालून तो मेतोदीसमोर ठेवला.

"पिरिनलाच जायचं. तळ्याच्या रस्त्याने," ती म्हणाली. "पुढची गाडी तू चालव, मेतोदी. मी तुझ्या शेजारी बसते. कुठे थांबायचं, तेवढं तू सांग."