मुलाखतीची तयारी

बारावीनंतर मुलाने नर्सिंगला जायचं ठरवलं. प्रवेशाच्या मुलाखतीआधी आठवडाभर तो वही घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसायचा.

"आई, आजीला कुशीवर कसं वळवायचीस गं? नळीने भरवताना डोकं किती वर ठेवायचीस?"

आईला भरून आलं. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा हा त्या खोलीकडे फिरकायचाही नाही. आता खोदून खोदून विचारत होता. तीही हातातलं काम टाकून सांगायची. टाचांखाली उशी कशी सरकवायची, माणसाला न उठवता चादर कशी बदलायची, चार वर्षांत पाठीला एकही जखम कशी होऊ दिली नाही.

मुलाखतीला ती सोबत गेली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"शाळा सांभाळून चार वर्षं आजीचं सगळं मीच केलं," मुलगा सांगत होता. विचारतील त्याची उत्तरं धडाधड देत होता.

"एवढ्याशा वयात!" मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज हळवा झाला. "अशीच मुलं हवीत आम्हाला. पण काय रे, घरात आई नव्हती का?"

बाहेर आईने नकळत पदर सारखा केला.



"होती ना, मॅडम," मुलगा म्हणाला. "पण तिला आजीची किळस यायची."