सेनापतींची मान

शुभेच्छापत्रांचा गठ्ठा बांधण्याआधी, मध्ये एखादा कोरा कागद राहिला नाही ना, हे बघायला छापखानेवाला सगळी पत्रं अंगठ्याखालून फर्रकन सोडायचा. त्या दुपारी तशी सोडताना, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या सेनापतींनी पत्रांवरच्या चित्रात मान वळवली.

त्याने एकेक पत्र तपासलं. सगळी एकाच तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेली, सगळ्यांवर मान सरळ.

त्याने गठ्ठा पुन्हा सोडला. सेनापतींनी शेजारी पाकिटं चिकटवत बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

"अहो, हाक मारलीत?" तिने विचारलं.

"छे गं!" त्याने गठ्ठ्याला करकचून दोरी आवळली.

आवळलेल्या गठ्ठ्यातून फर्रकन आवाज आला.

"आले, आले," बायको उठत म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती.