तीन पॉइंट बेचाळीस

एकतीस घरं आणि एकच लेव्हल.

मैत्रीने समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची, मीटरमधली ती यादी पुन्हा वरून खाली वाचली.

२०१ — ३.४२
२०२ — ३.४२
२०३ — ३.४१
२०४ — ३.४२

मध्येच एका सेंटिमीटरचा फरक. घरी बसून आकडे भरणारे तेवढा फरक मुद्दाम टाकतात. एवढी लाज तरी ठेवली होती.

न्हावा शेव्याच्या मागे कंटेनर यार्ड व्हायचं होतं. यार्डच्या मोकळ्या जमिनीचा सर्व्हे वेगळा, तिला लागून असलेल्या गावाचा वेगळा. बेलापूरच्या ऑफिसात बसून मैत्रीला हे दोन सरफेस, म्हणजे जमिनीच्या चढउताराचे कॉम्प्युटरवरचे नकाशे, जोडायचे होते. एकावर एक पेस्ट करायचे, मधला सांधा दिसू द्यायचा नाही. मग त्या जमिनीवर यार्डचा भराव बसणार होता. काम अर्ध्या दिवसाचं. आज तिसरा दिवस होता. मोकळी जमीन निमूट बसली. गाव बसेना. गल्ल्या अडीच मीटरवर होत्या आणि घर आलं की जमीन मीटरभर ताडकन वर उडत होती. वर गेली की टेबलासारखी सपाट. स्क्रीनवर उभ्या त्रिकोणांचे नुसते काटे. एकतीस घरांची जोती एका उंचीची? गटारावरून शेजाऱ्याशी भांडणारी माणसं जोतं तेवढं त्याच्या मापाने बांधतात?

सकाळी सुभाष सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते. एका पेस्टला तीन दिवस लागत असतील तर शाळेतली चित्रकला बरी. मग त्यांनी मार्ग सांगितला. गावातल्या घरांचे पॉइंट उडव, सॉफ्टवेअर भोक आपोआप बुजवतं. आणि सर्व्हेवाल्याला आपल्या कंत्राटदारांच्या यादीतून काढायचं पत्र लिही. पाच वाजता क्लायंट येतोय, दोन्ही तयार पाहिजेत.

सर्व्हेवाले म्हणजे मुख्तारभाई. उरणचे. एकोणीस वर्षं त्यांची सगळी कामं याच ऑफिसातून जात होती. यादीतून नाव गेलं की काम संपलं, हे मैत्रीला माहीत होतं. तरी तिने पत्र चवीने टाइप केलं.

सदर सर्व्हेअर प्रत्यक्ष जागेवर न जाता, टपरीवर बसून

टपरी खोडली. पुन्हा लिहिली. मग फोन उचलला. तिला त्यांना खोटं बोलताना ऐकायचं होतं.

मुख्तारभाई मोरा बंदराच्या धक्क्यावर होते. तिने एका दमात सगळं सुनावलं. टपरी, कॉपी, वाया गेलेले तीन दिवस, पाच वाजता जाणारं पत्र. तिचं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की फाईलचा पाचवा रकाना उघडलात का. ती म्हणाली, ऑफिसात चारच रकाने घेतात. नंबर, जागेचे दोन आकडे आणि लेव्हल. पाचव्यात शेरे असतात. ड्रॉइंगवर कचरा होतो.

"म्हाईत हाय," मुख्तारभाई म्हणाले. "एकोणीस वर्षं शेरे लिवतोय. शेरा तुमी उडवता. लेवल उडवायच्या आधी फोन करावा लागतो."

फोन कानाला लावूनच मैत्रीने मूळ फाईल उघडली.

२०१ — ३.४२ — किसन, खिडकीचा कट्टा
२०२ — ३.४२ — चांगुणाबाई, भिंतीवर कोळशाची रेघ
२०३ — ३.४१ — बालवाडी, फळ्याची खालची कड
२०४ — ३.४२ — वामन, पलंगाच्या वर एक वीत

"हे जोतं नाहीये," ती म्हणाली.

"जोतं नाय, जमीन पन नाय. पानी हाय ते, मॅडम. म्हनून सपाट."

गेल्या जुलैचं उधाण. मुख्तारभाई सावकाश सांगत गेले. जोत्यावर मोजपट्टी धरली, तर चांगुणाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः रेघेला लावली. मग प्रत्येक घराने आपापली खूण दाखवली. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन घरांच्या खुणाही एका सेंटिमीटरात आल्या. गटारांचा उतार ठरवताना कुणीतरी हे बघावं म्हणून त्यांनी ते जमिनीच्या लेव्हलच्या रकान्यात टाकलं. चूक आहे, हे त्यांना कळत होतं.

"पत्र पाठवा," ते म्हणाले. "फक्त जागेवर गेलो नाय असं लिवू नका."

फोन बंद झाला. मैत्रीचा राग जागच्या जागी राहिला. फक्त आता तो कुणावर काढायचा ते बदललं होतं. तिने यार्डची मोकळी जमीन पुन्हा पाहिली. एक पॉइंट ऐंशी, कुठे एक नव्वद. मग तिच्यावर भरावाचा सरफेस चढवला. वरची पातळी साडेचार.

"मैत्री, झालं का साफ?" सुभाष सरांनी केबिनच्या दारातून विचारलं. "पत्र?"

"पत्र जाणार नाही." ती उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलली. घरांच्या लेव्हल खऱ्या आहेत, गेल्या जुलैत गावात तिथवर पाणी होतं, हे तिने सांगितलं.

सुभाष सर जवळ आले. स्क्रीनकडे बघून हसले.

"मग घाबरतेस कशाला? तीन बेचाळीस आणि साडेचार. आपण मीटरभर वर. कोरडे."

"हो सर, आपण कोरडे," मैत्री म्हणाली. "पण ही लेव्हल, ते पाणी आपल्या जागेतही पसरलं होतं तेव्हाची आहे. भराव पडला की तेवढं पाणीही गावातच चढणार."