चढावरचं ॲव्हरेज

आमच्या घराचा चढ सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून नवऱ्याने नवी गाडी घेतली. छोटं टर्बो इंजिन, पाय ठेवायचा अवकाश की पळते, आणि पेट्रोल म्हणे नुसतं हुंगते! मला सगळं तोंडपाठ आहे, कारण गाडी आल्यापासून घरात दुसरा विषयच नाही. एसी लावू नका, ॲव्हरेज पडतं. काच खाली करू नका, हवा अडते, ॲव्हरेज पडतं.

आज सासूबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परत आणताना चढाच्या पायथ्याशीच गाडी थांबली. मला वाटलं, बंद पडली. तर आमचे साहेब समोरच्या आकड्यावरची नजर न हलवता म्हणाले, "तुम्ही दोघी इथे उतरता का जरा? आज ॲव्हरेज कधी नव्हे ते एवढं चढलंय. उगाच वजनाने घालवायला नको."

माझा हात धरून, प्रत्येक विजेच्या खांबाला टेकत सासूबाई कशाबशा वर पोहोचल्या. त्यांचा लेक दारात बॉनेटवरून हात फिरवत उभा होता.



"बघितलंस ना आई? एवढा चढ, पण इंजिनला धाप म्हणून लागली नाही!"