आरशातला गाळा

समोरच्या गाळ्याचं शटर खडखडत वर गेलं आणि कात्रीमामांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली थबकला.

"आला वाटतं नवा बकरा!" बाकावरच्या पेन्शनराने वर्तमानपत्र खाली केलं. "मामा, होऊन जाऊ द्या."

मामांना तेवढंच हवं असायचं. रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं, समोरचा गाळा आरशात बघायचा आणि हात न थांबवता त्याचा इतिहास सांगायचा. कात्री चाले त्याच्या दुप्पट जीभ चाले. शिवाय गळ्यावर वस्तरा असलेला माणूस "छे, काहीतरीच!" म्हणत नाही. मामांच्या गोष्टींना गावात मान होता तो असा.

"तो गाळा माणूस टिकू देत नाही," मामांनी सूर लावला. "पहिला आला घड्याळजी. त्याच्याकडे घड्याळ टाकलं की घड्याळ सुरू व्हायचं, पण माणसाच्या आयुष्यातला एक तास कमी! तो तास जायचा कुठे? त्याच्या भिंतीवरच्या घड्याळांत. म्हणून तर ती चावी न देता चालायची. मग फोटोवाला. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीचे डोळे मिटलेले. फोटो कपाटात ठेवला की टक्क उघडायचे! चपलावाल्याने सकाळी खोकी उघडावीत, तर सगळे जोड डाव्या पायाचे. आणि बेकरीवाल्याचा पाव? भट्टीत टम्म फुगायचा आणि उंबऱ्याबाहेर आला की फुस्स. बायको समोर आलेल्या नवऱ्यासारखा."

बाक हसून हसून करकरला. गिऱ्हाईक बिचारं वस्तऱ्याला भिऊन पोटातल्या पोटात हसलं.

खरं काय ते एकट्या मामांना ठाऊक होतं. घड्याळजी भला माणूस. त्याने दुकानाबाहेर बाक टाकला, त्यावर बुद्धिबळाचा पट मांडला आणि मामांच्या बाकावरची माणसं उठून तिकडे बसू लागली. दाढीला येत, पण गोष्टीला थांबत नसत. मामांच्या पोटात दुखलं. तासाची ती गोष्ट त्यांनी त्याच आठवड्यात रचली. लोक पोट धरून हसले आणि घड्याळं मात्र घरीच ठेवू लागले. उगाच विषाची परीक्षा कोण बघतो?

एका सकाळी घड्याळजीने चंबूगबाळं हातगाडीवर चढवलं. सगळ्यात वर त्याची मुलगी बसली होती, कोपरा उडालेलं मोठं घड्याळ मांडीवर घेऊन. मामांच्या लेकीच्या वर्गातली ती. "ती का गेली, बाबा?" लेकीने विचारलं होतं. मामांनी तिलाही तीच गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. लेक हसली नाही.

पुढे भाडेकरू आले नि गेले, मामा प्रत्येकाचं शेपूट गोष्टीला जोडत राहिले. आता तर गाळ्याचा मालकही जागा दाखवताना आवाज खाली आणायचा.

"मग हा नवा कशाने जाणार, मामा?" पेन्शनराने विचारलं.

"बघू की," मामा म्हणाले आणि त्यांनी आरशात पाहिलं.

समोर पाटीवरची चादर उतरवली जात होती. उतरवणारी पाठमोरी होती. तिने चादरीची कड हनुवटीखाली धरली, हात लांब पसरले आणि घडी घातली. अशी घडी मामा रोज सकाळी घरात बघत होते. शिवणकाम घराबाहेर न्यायचंय, जागा पाहिलीय, एवढंच लेक बोलली होती. कुठे म्हणून विचारलं, तर "कळेलच" म्हणाली होती.

"मामा, ही तर तुमची..." पेन्शनराने उरलेलं वाक्य गिळलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मामा रस्ता ओलांडू लागले. त्यांच्यापुढे दोघी चालल्या होत्या. एकीच्या हातात ब्लाऊजचं कापड होतं. पाटी वाचून ती थांबली, तशी दुसरीने तिचा दंड ओढला.

"अगं, हा तो गाळा! चल पुढे."

दोघी पुढे गेल्या. मामा चोरासारखे उंबऱ्याशी उभे राहिले. आत नवीन रंगाचा वास होता. लेक शिलाई मशीन पुसत होती. दारातून परत गेलेलं कापड तिने पाहिलं होतं, पण पुसणं थांबवलं नव्हतं.

"पोरी, हा गाळा नको," मामा म्हणाले. "आपण दुसरा बघू."

"का, बाबा?"

एका 'का'ला चार उत्तरं देणारा माणूस आज दोन्हीकडून अडकला. गोष्ट खरी म्हणावी तर लेकीचं दुकान बसतं, खोटी म्हणावी तर बाप उघडा पडतो. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. रस्त्यापलीकडे बाकावरची सगळी डोकी इकडे वळली होती. जन्मात पहिल्यांदा त्यांना ऐकणारी माणसं नकोशी झाली.

"मला नका सांगू," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "गाळा आम्ही दोघींनी मिळून घेतलाय. तिला सांगा."

मामांनी तेव्हा कुठे आतल्या कोपऱ्याकडे पाहिलं. टेबलावर वाकून एक बाई बसली होती, डोळ्याला भिंग लावून. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, कोपरा उडालेलं एक मोठं घड्याळ चालू होतं.

तिने मान वर केली नाही. फक्त पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा काका," ती म्हणाली. "भिऊ नका. तास काही कमी होत नाही."